नाथाचे बत्तीस शब्द

"ए डेकॉइट!" अशी हाक आली आणि एका माणसानं वळून पाहिलं. झालं ते एवढंच. बीडच्या बसस्टँडसमोर सकाळी साडेनऊला शंभर हाका उठतात आणि शंभर माना वळतात, त्यात नवल ते कसलं. हाक मारणारी पोरं मोटारसायकलवर तिघं होती, ती हसत पुढं निघूनही गेली. पण तो माणूस ज्या तऱ्हेनं वळला ते पाहून भागवतचा चहाचा कप तोंडाशी जाता जाता थांबला. त्या वळण्यात राग नव्हता, दचकणंही नव्हतं. घरातून बायकोनं हाक मारावी आणि आपण दुसऱ्याच विचारात 'काय गं' म्हणत मान वळवावी, तसा तो वळला होता. हाक त्याच्या अंगवळणी पडली होती. भागवतनं आधी टपरीच्या खांबाआड एक पाऊल टाकलं आणि मग माणूस ओळखला. हा क्रम उलटा झाला, आणि तो उलटा झाल्याचं त्याला कळलंही. नाथा. तलवाड्याचा नाथा. केस पिकलेले, खांद्यावर टॉवेल, काखेत प्लास्टिकची फाइल, पण मान वळवायची ढब अजून चौथीतल्या पोराचीच. हजारो पोरांना ज्याची ओळख आपण करून दिली, त्याला आपण तीस वर्षांत एकदाही पाहिलेलं नाही, हे भागवतच्या ध्यानात आलं आणि चहा एकदम कडू लागला.

भागवत इंग्रजीचा मास्तर. सरकारी नव्हे, ते भाग्य हुकलं ते हुकलंच. स्पर्धा परीक्षांच्या एका अकॅडमीत गेली अकरा वर्षं तो इंग्रजी शब्द शिकवत होता. समोर खेड्यापाड्यांतून आलेली पोरं, फौजदार होऊ, तहसीलदार होऊ म्हणणारी, आणि इंग्रजीला भिणारी. त्यांच्यासाठी त्यानं स्वतःची एक रीत काढली होती. शब्द पाठ करायचा नाही, शब्दाला माणूस चिकटवायचा. 'मायझर' म्हटलं की आपला चिक्कू मामा डोळ्यांपुढं आला पाहिजे, 'ग्लटन' म्हटलं की पंगतीत उठायचं नाव न घेणारा पाहुणा. एकदा माणूस चिकटला की शब्द मरेस्तोवर निसटत नाही. हे तो छातीठोकपणे सांगायचा, आणि ते खरंही होतं. मग आली दुष्टांची यादी. व्हिलन, रास्कल, स्काउंड्रल, मिसक्रिअंट, स्विंडलर, हूलिगन, बर्गलर, बँडिट, आउटलॉ, फेलन, मोजून बत्तीस. परीक्षेत यातलं काही ना काही दर वर्षी येतंच. पहिल्या वर्षी 'एक्स्टॉर्शनिस्ट' फळ्यावर लिहून त्यानं भाबडेपणानं विचारलं, "खंडणी मागणारा. सांगा, कोण आठवतं?" मागच्या बाकावरून एक नाव आलं. अमरसिंहभाऊ. वर्ग हसला, मग एकदम गप्प झाला. संध्याकाळी तो खाली उतरला तर त्याच्या मोटारसायकलवर दोघं जण बसलेले. एक जण पेरू कापून खात होता. "सर, भाऊंची आठवण काढता म्हणं वर्गात," एवढंच बोलला, एक फोड भागवतला दिली, त्यानं ती खाल्ली, आणि ते दोघं गेले. त्या पेरूच्या बिया भागवतच्या दातांत कितीतरी दिवस अडकलेल्या होत्या असं त्याला वाटायचं.

आता त्याला यादीला चिकटवायला दुसरं नाव शोधायचं होतं, आणि नाव शोधायचं म्हणजे काय असतं ते बीडात राहणाऱ्यालाच कळतं. कुठलंही नाव घ्या, त्याच्या मागं एक आडनाव उभं. आडनावामागं भावकी, भावकीमागं जात, जातीमागं पुढारी, पुढाऱ्यामागं पुन्हा एक मोटारसायकल आणि तिच्यावर बसलेले दोघं जण. रात्रभर तो जिल्हाभर मनानं हिंडला. शेवटी तलवाड्याच्या शाळेत दाराजवळ, पायपुसण्याशेजारी बसणारं एक पोरगं त्याला दिसलं. गावाबाहेरच्या पारधी वस्तीवरचं. त्याच्या मागं कोणी नव्हतं. अख्ख्या जिल्ह्यात भागवतला ज्याची भीती वाटत नव्हती असा हा एकच माणूस निघाला, आणि त्या माणसाला त्यानं बत्तीसच्या बत्तीस शब्द चिकटवून टाकले. "आमच्या तलवाड्याचा नाथा! चौथीत माझ्या शेजारी बसायचा. नाथा घर फोडतो, बर्गलर. नाथा रस्त्यात अडवतो, हायवेमन. नाथा चार सोबती घेऊन येतो, पाच जण झाले, दरोडाच झाला, आता तो कोण? डेकॉइट!" वर्ग लोटपोट. अकॅडमीचे मालक रामप्रसाद शेट हुशार माणूस, त्यांनी त्याचा व्हिडिओ करून सोडला. तो गावोगाव गेला तो गेलाच. अकॅडमीच्या पाटीवर आता 'नाथावाले सर' असं लिहिलेलं आहे.

"भागवत ना बे तू?" नाथा टपरीपाशी येऊन उभा होता. "आडोशाला कावून उभा राह्यलास?"

"अरे नाथा! किती दिवसांनी," भागवत म्हणाला, आणि आपल्या आवाजातला आनंद त्याला स्वतःलाच किळसवाणा वाटला. "चहा घे."

"चा नगं. तुझ्या क्लासापाशी दोनदा येऊन गेलतो. वाचमननं आत सोडलं न्हाई." नाथानं फाइल या काखेतून त्या काखेत घेतली. "भांडाया न्हाई आलो मी. भांडून काय भेटनार हाय. सोलरच्या कंपनीत राखणीचं काम लागायलंय. समदे कागद झाले, ठाण्याचा चारित्र्याचा दाखला तेवढा अडकलाय. जमादार म्हणला, तुझ्यावर गुन्हा एक बी न्हाई. पर गावात इचारपूस केली तर लोक हसत्यात. म्हणत्यात, डेकॉइट ना त्यो? त्या हसण्याचं मी कागदावर काय लिहू, म्हणला."

भागवत म्हणाला, "नाथा नावाची कितीक माणसं असतात रे."

"तलवाड्याचा म्हणतूस तू. चौथीत शेजारी बसायचा म्हणतूस. आन तू कुटं शेजारी बसायचास? तू पुढं बसायचास." तो हे अगदी शांतपणे म्हणाला, हिशेबातली चूक दाखवावी तसं. "करिष्मा, माझी पोरगी, धावीला हाय. तिच्या वर्गात लावतेत तुझा व्हिडिओ. बत्तीस हायेत म्हणं. तिला बत्तीसच्या बत्तीस पाठ हायेत." त्यानं फाइल पुढं केली. "तू लावलेस, तू काढ. चल ठाण्यात. लिहून दे, ह्या माणसाचं नाव म्या उगंच घेतलं. दुसरं काय न्हाई मागत. पंधरा तारखेपस्तोर दाखला दिला न्हाई तर ती जागा दुसऱ्याला जायची."

"साडेदहाला माझा क्लास आहे."

"मंग साडेधाच्या आत."

ते निघाले. ठाणं बसस्टँडपासून दहा मिनिटांच्या चालीवर. नाथा एक पाऊल मागं चालत होता, आणि भागवतला वाटत होतं आपल्यालाच पकडून नेताहेत. ओळखीची पोरं नमस्कार करत होती. 'नमस्कार सर' म्हणताना त्यांचे डोळे मागच्या माणसावर जायचे, आणि ही पोरं आता ओळखतात की काय, या भीतीनं त्याच्या मानेवर घाम आला. खरं तर तो चांगला माणूस होता. निदान तसं त्याला वाटत आलेलं होतं. कुणाचं वाईट केलं नाही, कुणाच्या अध्यात नाही की मध्यात नाही. आईबाप दर दिवाळीला कोयते घेऊन ऊसतोडीला कारखान्याकडं जायचे, तो भिवराबाई मावशीकडं राहायचा, आणि मावशीचा हात आखडता होता, म्हणून शाळा सुटल्यावर तो नाथाच्या मागं मागं वस्तीवर जायचा. नाथाची आई भाकरीवर तितराचं कालवण घालून द्यायची. ती चव अजून जिभेवर होती. बायकोला, सुनिताला, त्यानं लहानपणाचं सगळं सांगितलं होतं, उपास सांगितला, अनवाणी चालणं सांगितलं. ती भाकरी तेवढी सांगितली नव्हती. वस्तीवर खाल्लं हे मावशीला कळू नये म्हणून तो ओढ्यावर तोंड धुऊन घरी जायचा. ती सवय नकळत सुनितापाशीही सुटली नाही, म्हणायची गोष्ट एवढीच. एकदा वर्गातली खडूची पेटी गेली. गुरुजी भले होते, कुणाला मारलं नाही, कुणाचं नाव घेतलं नाही. त्यांनी नुसतं दाराकडं बघितलं. मग साऱ्या वर्गानं बघितलं. भागवतनंही बघितलं. नाथा उभा राहिला, कुणी सांगितलं नव्हतं तरी, आणि शाळा सुटेस्तोवर उभाच राहिला. दुसऱ्या दिवशी पेटी कपाटामागं सापडली तेव्हा तो पुन्हा पायपुसण्याशेजारी बसला. नावाच्या शोधात रात्रभर हिंडताना आपलं मन नेमकं त्या दाराकडं कसं गेलं, हे भागवतला आज चालता चालता कळलं, आणि कळून काही सोपं झालं नाही. इंग्रजांच्या काळात अख्ख्या जमातीला जन्मतःच गुन्हेगार ठरवणारा कायदा होता, हे तो इतिहासाच्या तासाला मदत म्हणून शिकवायचा. तारखेसकट शिकवायचा. शिकवताना आवाजात चीडही आणायचा. पुढच्याच तासाला फळ्यावर नाथा.

"पाणी पितूस का?" नाथानं मागून विचारलं. "घाम लई आलाय तुला."

ठाण्याच्या आवारात जप्त केलेल्या मोटारसायकली एकमेकींवर रेलून गंजत होत्या. पायऱ्या चढेपर्यंत भागवतनं मनाशी वाक्य जुळवलं होतं. लिहायचं, सही करायची, निघायचं. रामप्रसाद शेट बोंबलतील. बोंबलोत. नोकरी गेली तर गेली. आयुष्यात एकदा तरी माणसानं पाठीचा कणा ताठ करावा, आणि आश्चर्य म्हणजे या विचारानं त्याला खरंच थोडी ताकद आली. आत टेबलामागचा नवा फौजदार मान वर करून बघतो तर ताडकन उभाच राहिला. खांद्यावर दोन चांदण्या, छातीच्या पाटीवर, हल्ली बीडचे पोलीस आडनाव लावत नाहीत म्हणून, नुसतं नाव, पवन. टेबलाला वळसा घालून आला आणि साऱ्या ठाण्यादेखत भागवतच्या पायाला हात लावला.

"सर! तुमी इथं! मला निरोप धाडायचा ना, मी आलो असतो घरी." स्वतःच्या रुमालानं त्यानं खुर्ची पुसली. मागं उभ्या नाथाकडं बघून म्हणाला, "तू भाईर थांब रे." नाथा बाहेर गेला. भागवत बसला. असू दे त्याला इथंच, तो माझ्याबरोबर आहे, हे वाक्य त्याच्या घशापर्यंत आलं होतं, पण खुर्ची पुसून झाली होती आणि तो बसलाही होता.

"सर, एका मार्कानं निघालो मी. एका! 'आउटलॉ' आला पेपरात. माझं डोकं सुन्न. आन डोळ्यांपुढं टपकन नाथा उभा राह्यला. कायद्याबाहेर गेलेला नाथा." पवननं हसत हसत बोटांवर मोजायला सुरुवात केली. "बर्गलर, बँडिट, ब्रिगंड, कल्प्रिट, क्रूक..." तो थांबेचना. कारकून, शिपाई, कोपऱ्यातली बंदोबस्ताची बाई, सगळे कौतुकानं ऐकत होते. दार उघडंच होतं. बाहेर व्हरांड्यात फरशीवर टेकलेल्या नाथाची पाठ भागवतला दिसत होती, आणि प्रत्येक शब्दाला ती पाठ हलतेय का हे तो बघत होता. ती हलत नव्हती. बत्तीसावा शब्द झाला तेव्हा शिपायानं टाळी वाजवली.

"पवन, तो नाथा म्हणजे हाच, बाहेर बसलेला," भागवत म्हणाला.

"माहीत हाय ना सर. दाखल्याचं त्याचं माझ्याकडंच हाय."

"तो चोर नाही. मी त्याचं नाव खोटंच घेतलं. मला लिहून द्यायचंय." हे बोललं गेलं. जीभ अडखळली नाही. कारकुनानं कोरा कागद दिला आणि भागवतनं एका दमात लिहिलं, सुवाच्य, फळ्यावर लिहितो तसं: 'तलवाड्याचा नाथा हा माझा वर्गमित्र असून अत्यंत प्रामाणिक माणूस आहे. माझ्या शिकवण्यात मी त्याच्या नावाला जे बत्तीस शब्द लावले ते सर्व खोटे आहेत. त्याच्या मागे कोणी नाही म्हणून मी त्याचे नाव घेतले. त्यामुळे त्याची बदनामी झाली, त्याला मी एकटा जबाबदार आहे.' सही केली, तारीख घातली. छातीत कितीतरी दिवसांनी पुरता श्वास गेला.

पवननं कागद वाचला. मग पुन्हा वाचला. त्याच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं आणि तिथं खरीखुरी काळजी आली, बापाचं दुखणं कळल्यावर पोराच्या तोंडावर येते तशी. त्यानं कारकुनाला चहा सांगायला बाहेर पाठवलं, दार लोटलं आणि खुर्ची जवळ ओढली. "सर, हे काय लिहिलंत तुमी? ह्या कागदावर आवक नंबर पडला की झालं. ॲट्रॉसिटीत बसतंय हे. तुमच्याच हातचा कबुलीजबाब. उद्या कुणी पुढारी उठला, वस्तीवर गेला, की मलाच यावं लागंल बेड्या घेऊन तुमच्या दारात." त्याचे डोळे पाणावले होते, खोटं नव्हतं त्यात काही. "मी माझ्या गुरूला आत घालू? आईच्यान सांगतो, माझ्याच्यानं व्हायचं न्हाई." त्यानं कागदाची घडी घातली, त्या घडीची घडी घातली, आणि ती स्वतःच्या हातानं भागवतच्या शर्टाच्या खिशात सरकवून वरून खिसा थोपटला.

"आणि त्याचा दाखला?"

"बघू ना सर. सायबांच्या कानावर घालू. पुढच्या महिन्यात काहीतरी करू."

"पंधरा तारीख म्हणतो तो."

"बघू की."

खिशात हात घालून कागद काढायचा आणि टेबलावर ठेवायचा, एवढंच काम उरलं होतं. एक वीत अंतर. भागवत त्या टेबलाकडं बघत राहिला. आणि मग जे झालं ते तो पुढं कुणापाशी कधीच बोलला नसता: त्याला बरं वाटलं. डोक्यावरची मोळी कुणीतरी परस्पर उतरवून घ्यावी तसं हलकं, मोकळं वाटलं. आपण लिहिलं होतं. त्यानं घेतलं नाही. आता आपण काय करणार? चहा आला, आलं घातलेला, आणि तो गोड लागला. सगळा प्याला. पवन दारापर्यंत पोचवायला आला, पुन्हा वाकला.

नाथा व्हरांड्यातून उठून पायऱ्यांखाली जप्त गाड्यांच्या सावलीला जाऊन उभा होता. "झालं?"

"झालं," भागवत म्हणाला.

"दिलंस लिहून?"

"दिलं." हे खोटं नव्हतं, असं त्यानं स्वतःला त्याच क्षणी सांगितलं.

 नाथानं टॉवेलानं तोंड पुसलं, आणि पुसायला जरा जास्तच वेळ लावला. मग खिशातून फोन काढून त्यानं नंबर लावला. "करिष्मा? अगं, दिलं लिहून. व्हय, त्यानंच. हितंच हाय. घे, बोल." आणि फोन त्यानं भागवतच्या हातात दिला.

"सर, नमस्कार." बारीक, धीट आवाज. मागं कोंबड्यांचा कलकलाट. "काय लिहिलं, सर? मला सांगता का? मी वहीत लिहून घेते. वर्गात वाचून दाखवायचंय मला."

नाथा समोर उभा होता, चेहऱ्याकडं बघत. भागवतनं सांगायला सुरुवात केली. खिशातला कागद काढायची गरजच पडली नाही, शब्दन्‌शब्द डोळ्यांपुढं होता. 'तलवाड्याचा नाथा हा माझा वर्गमित्र असून.' "हळू सर," ती म्हणाली, आणि तो हळू झाला, डिक्टेशन घालतो तसा, तुकड्या तुकड्यानं. 'अत्यंत प्रामाणिक माणूस आहे.' नाथानं मान खाली घातली. 'त्याच्या मागे कोणी नाही म्हणून.' इथं पोरीची पेन्सिल थांबली असावी. मग ती म्हणाली, "हं, पुढं." तिनं सगळं उतरवून घेतलं आणि पहिल्यापासून परत वाचून दाखवलं, एकही चूक न करता. "बरोबर हाय का, सर?"

"बरोबर आहे."

"खाली नाव?"

त्यानं नाव सांगितलं. वडिलांचं नाव सांगितलं. आडनावही सांगितलं.

"सर, बाबाला सांगा ना, शिक्का मारलेली नक्कल घेऊन ये म्हणावं. आमच्या बाई म्हणतील, तू मनानंच लिहिलंस."

फोनचा आवाज मोठा होता. नाथाला ऐकू गेलं. "आणतो की," तो म्हणाला, "मागायला काय जातंय." आणि वळून तो ठाण्याच्या पायऱ्या चढायला लागला. भागवतनं 'नाथा' म्हणून हाक मारली, पण ती त्याच्या स्वतःच्या कानांपर्यंतसुद्धा पोचली नाही. या पायऱ्या नाथा आजवर कुणी ना कुणी बोलावलं म्हणून चढला असेल. आज तो आपल्या पायांनी चढत होता, पाठ ताठ करून, टॉवेल नीट खांद्यावर टाकून. वर दारात पवन अजून उभाच होता. नाथानं त्याला काहीतरी विचारलं. पवननं आधी त्याच्याकडं पाहिलं, मग त्याच्या डोक्यावरून खाली, आवारात उभ्या भागवतकडं.

पळून जावं असं भागवतला वाटलं. फाटक वीस पावलांवर उघडं होतं, साडेदहा वाजायला आले होते, वर्गात दोनशे पोरं वाट बघत असतील. पण फोन नाथाचा होता. तो कुठं ठेवणार आणि कसा जाणार? जप्त गाड्यांच्या मधोमध तो फोन कानाला धरून उभा राहिला.

"सर?" करिष्मा म्हणत होती. "हॅलो, सर? हाय का तुमी?"

"आहे," भागवत म्हणाला, "इथंच आहे." वर दारात नाथा हळूहळू त्याच्याकडं वळत होता.